‘अ पुअर’ का चालत नाही? डोंबिवलीतल्या एका इंग्रजी क्लासचा अनुभव

क्लासचं नाव लिहीत नाही. पुढे थोडी तक्रार आहे, आणि मॅडम मनाने चांगल्या आहेत. डोंबिवली पूर्वेला एका पोळी-भाजी केंद्राच्या वरच्या मजल्यावर हा क्लास भरतो. वेळ संध्याकाळी साडेसहा ते आठ, आठवड्यातून दोनदा, एकूण सहा आठवडे. फी 2,400 रुपये, त्यात 84 पानांच्या स्पायरल नोट्स. जिना अरुंद आहे, गुडघे दुखत असतील तर फी भरण्याआधी एकदा चढून बघा. सात वाजले की खालून फोडणीचा असा काही वास येतो की पास्ट परफेक्ट डोक्यात शिरायला तयार होत नाही.

मी का गेले ते सांगते. फोर्टातल्या एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात मी 34 वर्षं काढली. दिवसभर इंग्रजीच लिहायचे, पण बोलायची वेळ कधी आली नाही. साहेबांशी मराठी, नाहीतर हिंदी. आता थोरली लेक इंग्लंडात लेस्टरला असते आणि तिच्याकडे सहा महिने जायचं आहे. मागच्या खेपेला तिच्या शेजारणीने दारात उभं राहून काहीतरी विचारलं, तर मी तिला ‘किंडली अवेट’ म्हणून आत पळाले. लेक अजून हसते.

बॅचमध्ये आम्ही 18 जण. आयईएल्टीएस ही परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा देणारी तीन-चार मुलं, दोन नर्स, मुलाचा अभ्यास घेता यावा म्हणून येणारे एक रिक्षावाले दादा, बाकी माझ्यासारखे इकडून तिकडून आलेले. वयाने मीच मोठी, म्हणून सगळ्यांची काकू. मॅडमसुद्धा काकूच म्हणायच्या.

पहिले सहा तास काळ, प्रश्नार्थक वाक्यं आणि आर्टिकल्स यांत गेले. शाळेत जे झालं तेच, फक्त पंख्याखाली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सातव्या तासाला मात्र माझे पैसे वसूल झाले.

मॅडमनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं: ‘आय गेव्ह टेन रुपीज टु अ पुअर.’ विचारलं, यात काय चुकलं? दोघा मुलांनी हात वर केले. उरलेल्या 16 जणांना वाक्य बरोबर वाटत होतं, त्यात मीही होते. एका गरिबाला दहा रुपये दिले. यात चुकण्यासारखं आहे काय?

मॅडमनी आधी मराठी घेतली, आणि तिथेच त्यांची खरी हुशारी दिसली. म्हणाल्या, ‘मोठ्या माणसांना’ यातला माणूस काढून टाका. काय उरतं? ‘मोठ्यांना.’ माणूस असेपर्यंत ‘मोठ्या’ला अनुस्वार नव्हता, माणूस गेला तशी त्याची विभक्ती आणि त्याचं अनेकवचन दोन्ही ‘मोठ्या’कडे आली. ‘शहाण्याला शब्दाचा मार’ म्हणतो, त्यात माणूस कुठे असतो?

मला हे एकदम आमच्या खात्याच्या भाषेत कळलं. मराठीत नाम वारलं की त्याची सगळी इस्टेट विशेषणाच्या नावावर होते. लिंग, वचन, विभक्ती, काही मागे राहत नाही. थोरला, थोरली, थोरल्याने, थोरलीला, थोरल्यांचं. इंग्रजीत विशेषण हा वारसच नव्हे. त्याच्या पुढे फक्त एक ‘द’ लावून देतात आणि सांगतात, आता सगळ्या जमातीचं नाव तू चालव. ‘द पुअर’ म्हणजे झाडून सगळे गरीब, म्हणून क्रियापद ‘आर’. पण शेवटी एस लावून ‘द पुअर्स’ करायचं नाही. आणि त्या जमातीतला एकच माणूस पाहिजे असेल तर नामाला पुन्हा जिवंत करावं लागतं: ‘अ पुअर मॅन’, ‘अ पुअर वुमन’. आपण मराठीतून ‘एका गरिबाला’ उचलतो, तसंच्या तसं इंग्रजीत नेऊन ठेवतो आणि ‘अ पुअर’ तयार होतो.

विशेषण इथे नावापुरतंच नाम झालेलं असतं, हेही त्यांनी छान दाखवलं. ‘द व्हेरी ओल्ड’ म्हणता येतं, म्हणजे अगदी म्हातारी माणसं. ‘व्हेरी टेबल’ कोणी म्हणतं का? ‘व्हेरी’ चिकटतं त्या अर्थी आतून ते अजून विशेषणच आहे. जोडी जमली की तो ‘द’ही गळून पडतो: ‘रिच अँड पुअर अलाइक’, ‘यंग अँड ओल्ड’. आपल्याकडे लहानथोर म्हणतात तसं.

मग एकेकाने उठून स्वतःबद्दल दोन वाक्यं बोलायची होती. मी म्हटलं, ‘माय एल्डर लिव्हज इन लेस्टर.’

“एल्डर व्हॉट, काकू?”

“एल्डर म्हणजे थोरली.”

“पण थोरली कोण? ते इंग्रजीत सांगावं लागतं. एल्डर डॉटर. नाहीतर ‘माय एल्डेस्ट’ म्हणा, ते चालतं.”

‘एल्डेस्ट’ चालतं आणि ‘एल्डर’ अडतं, हे मला काही झेपलं नाही. त्यात ‘एल्डेस्ट’ म्हणायला मुली किमान तीन हव्यात, असं नोट्समध्ये छापलेलं. मला दोनच. रिक्षावाले दादा हळूच म्हणाले, “काकू, आता काय करणार?” वर्ग हसला. रात्री लेकीला फोन करून विचारलं, तर म्हणाली, आई, इथे दोन मुलं असलेल्या बायकासुद्धा खुशाल ‘माय एल्डेस्ट’ म्हणतात, तू बिनधास्त म्हण.

इथवर सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं. मग मॅडमनी फळ्यावर चौकट काढून आत लिहिलं: ‘द’ अधिक विशेषण, क्रियापद नेहमी अनेकवचनी. ‘नेहमी’खाली दोन रेघा.

माझा हात आपोआप वर गेला. क्लेम विभागात मी हजारो वेळा लिहिलं असेल, ‘द डिसीस्ड वॉज होल्डिंग अ पॉलिसी’. ‘वॉज’च्या जागी ‘वेअर’ लिहिलं असतं तर एका पॉलिसीवर दोन माणसं मेली असती, आणि माझी बदली झाली असती ती वेगळीच. ‘डिसीस्ड’ म्हणजे मयत, ‘इन्शुअर्ड’ म्हणजे विमेदार. एकाच माणसाबद्दल बोलत असू तर ‘वॉज’, नवराबायको एकाच अपघातात गेले असतील तर ‘वेअर’. कोर्टातला ‘द अक्यूज्ड’ तसाच, आरोपी एक असो की पाच. आणखी एक. ‘द पुअर’ला ‘चा-ची-चे’चा एस लावत नाहीत, ‘द पुअर्स हाउस’ कानाला खटकतं. पण आमच्या फॉर्मवर ‘द इन्शुअर्ड्स सिग्नेचर’ छापलेलं असायचं आणि ते बरोबरच होतं. मेलेल्या माणसाला इंग्रजीत जिवंत गरिबापेक्षा जास्त प्रत्यय मिळतात, असं मी म्हणाले. मॅडमना हसू आवरेना, पण चौकट त्यांनी पुसली नाही. म्हणाल्या, “बघून सांगते.”

आणि खरंच बघून आल्या, त्याचे गुण द्यायला हवेत. पुढच्या तासाला म्हणाल्या की हे शब्द क्रियापदाच्या तिसऱ्या रूपातून आलेले आहेत आणि कायद्याच्या भाषेत मुरून पक्की नामं झालेत, त्यामुळे एकवचनातही चालतात. नुसतं तिसरं रूप असणं पुरत नाही. ‘द इंजर्ड’, ‘द अनएम्प्लॉइड’ हेही तसल्याच साच्यातले, पण ते जखमींचा नाहीतर बेकारांचा घोळकाच दाखवतात. एकट्या बेकाराला ‘द अनएम्प्लॉइड’ म्हणत नाहीत. म्हणजे नियमापेक्षा वहिवाट मोठी. वहिवाट हा शब्द माझा, त्यांनी ‘यूसेज’ म्हटलं.

जाता जाता, ‘डिसीस्ड’वरून आठवलं. आमच्याकडे एकदा घाईत दोन अक्षरं चुकून ‘डिझीज्ड’ टाइप झालं. मयत माणूस कागदोपत्री नुसता आजारी झाला आणि तो क्लेम आठवडाभर लटकला.

माझ्या लाडक्या दोन शब्दांचंही त्या दिवशी पोस्टमॉर्टेम झालं. पहिला ‘द अंडरसाइन्ड’, म्हणजे खाली सही करणार. दर अर्जात मी स्वतःला हेच म्हणत आले, आणि मी एकटीच असायचे, म्हणजे पुन्हा एकवचन. दुसरा ‘द नीडफुल’. प्लीज डू द नीडफुल. या चार शब्दांवर सगळी सरकारी-निमसरकारी कचेरी चालते. मॅडम म्हणाल्या, हे आपण बनवलेलं इंग्रजी नव्हे, मूळ इंग्रजीतलाच जुना प्रयोग आहे. तिकडे तो मागे पडला, आपल्या फायलींमध्ये टिकला. इथे विशेषण माणसांचा समूह दाखवत नाही, तर एक अमूर्त गोष्ट दाखवतं, जे करायला हवं ते. ‘द इम्पॉसिबल’, ‘द अननोन’, ‘द इनेव्हिटेबल’ ही सगळी याच घरातली, आणि यांच्यामागे क्रियापद ‘इज’ येतं. चौकटीतला ‘नेहमी’ इथे दुसऱ्यांदा आडवा झाला. पण या भागाला नोट्समध्ये अवघ्या चार ओळी आहेत. खरं तर गोंधळ इथेच उडतो.

लेस्टरसाठी मला सगळ्यांत उपयोगी पडणारं पान देशवाचक विशेषणांचं. शेवटी ‘श’ किंवा ‘च’ ऐकू आलं की शब्दाला एस लागत नाही: द इंग्लिश, द आयरिश, द वेल्श, द फ्रेंच, द डच. एकटा माणूस असेल तर ‘अ फ्रेंच’ नाही, ‘फ्रेंचमन’ म्हणायचं. इंडियन आणि जर्मन सरळ नामासारखे वागतात, अ जर्मन, टू जर्मन्स. मी शेजारणीला ‘यू आर अ ब्रिटिश?’ विचारणार होते. आता ‘अ’ गाळून विचारीन.

एक उणीव मोठी आहे. असं एखाद्याला विशेषणाने हाक मारलेली त्या माणसाला चालते का, यावर पूर्ण तासात अवाक्षर नाही. उलट नोट्समध्ये मूकबधिरांसाठी ‘द डेफ अँड डंब’ असं उदाहरण दिलंय. ते काढाच. ‘डंब’चा अर्थ आज ‘मठ्ठ’ असा होतो हे आयईएल्टीएसवाल्या पोरांना माहीत होतं, ती एकमेकांकडे बघत होती. वरळी सी फेसला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे, 1952 सालची संस्था, त्या काळी नावात ‘द ब्लाइंड’ लिहिताना कोणाला काही वाटलं नसणार. आता बरेच लोक ‘ब्लाइंड पीपल’ म्हणा सांगतात, म्हणजे माणूस परत आणा. आपणही ‘आंधळा मागतो एक डोळा’ म्हणीत म्हणतो, समोरच्याला म्हणत नाही.

हे सोवळं कुठवर पाळायचं, याचीही एक गंमत आहे. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने जानेवारी 2023 मध्ये ट्विटरवर सल्ला दिला की ‘द’ लावलेली अशी सरसकट लेबलं टाळा, आणि उदाहरणांत ‘द पुअर’, ‘द डिसेबल्ड’ यांच्या रांगेत ‘द फ्रेंच’ही बसवलं. जगभर हशा पिकला. अमेरिकेतल्या फ्रेंच वकिलातीने गमतीत आपलं नाव बदलून ‘एम्बसी ऑफ फ्रेंचनेस’ करून टाकलं. संस्थेला ते ट्वीट काढावं लागलं. मॅडमनी एवढी एक गोष्ट सांगितली असती तरी ‘द’ जोडण्यात कुठे अडचण आहे आणि कुठे नाही, हे वर्गाला जन्मात विसरता आलं नसतं. मला ती लेकीने पाठवली होती.

बाकी तक्रारी लहान आहेत. 18 जण म्हणजे गर्दीच. बोलायला माणशी पाच मिनिटंही येत नाहीत आणि क्लासचं नाव तर स्पोकन इंग्लिश. बुडलेला तास भरून मिळत नाही. मागच्या बाकांवर पंखा पोचत नाही. पाण्याचा माठ आहे, पेला एकच.

जावं का? व्याकरण मराठीतून फोडून सांगणारं माणूस हवं असेल तर जावं. मॅडमना प्रश्न विचारलेला आवडतो आणि येत नाही तिथे ‘बघून सांगते’ म्हणायला त्या लाजत नाहीत. नुसतं बोलायला शिकायचं असेल तर या फीमध्ये दुसरीकडे दहाजणांची बॅच मिळेल. नोट्स हातात पडल्या की पान 47 आधी उघडा. प्रश्न तिसरा, ‘द अननोन’ पुढची गाळलेली जागा, छापील उत्तर ‘आर’ आहे, ते ‘इज’ करून घ्या. प्रश्न सातवा, ‘द अक्यूज्ड’, तिथे ‘वॉज’ आणि ‘वेअर’ दोन्ही बरोबर.

या दुरुस्त्या मी शेवटच्या दिवशी फुलस्केपवर नीट नंबर घालून मॅडमना लिहून दिल्या. हाताची सवय, खाली ‘प्लीज डू द नीडफुल’ लिहून गेले. मॅडमनी त्याखाली लाल पेनने रेघ ओढली, कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. परवा नव्या बॅचमधल्या एका मुलीच्या हातात नोट्स दिसल्या. पान 47 अजून तसंच आहे.