दारावरचा कॅमेरा: चित्र चांगलं, आवाज उत्तम, घड्याळ चिनी

हा कॅमेरा मी चपलाचोरासाठी घेतला होता. आमच्या मजल्यावरून नव्या चपला जायच्या, जुन्या राहायच्या. बेलच्या वर बसतो, वायफायवर चालतो, आत 64 जीबीचं कार्ड. समोर हालचाल झाली की आपोआप रेकॉर्डिंग सुरू. कार्डासकट साडेतीन हजारांच्या आत पडला. चपलाचोर अजून सापडलेला नाही. सापडलं ते पोलिसांचं पथक.

त्यांना हवा होता ए विंगच्या 304 मधला कोणी. आम्ही बी विंगच्या 304 मध्ये राहतो. पहाटेच्या अंधारात सहा-सात माणसं, एक गणवेशात, बाकी साध्या कपड्यांत. बेल वाजवलीच नाही. कोयंडा उखडला, चौकटीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. ह्यांना सोफ्यावर बसवून ठेवलं, दोन्ही कपाटं जमिनीवर ओतली आणि काही न बोलता निघून गेले.

आता कॅमेऱ्याचं. रात्रीचं चित्र काळंपांढरं, पण दारापासून चार-पाच फुटांपर्यंत चेहरे स्वच्छ येतात. लिफ्टकडची बाजू धूसर. एक उणीव अशी की इन्फ्रारेडचा झोत चकचकीत वस्तूवर पडला की तिथे नुसता पांढरा डाग दिसतो. गणवेशातल्या साहेबांच्या छातीवरची नावाची पट्टी नेमकी तशीच आली आहे. मिशा दिसतात, नाव नाही.

आवाजाला मात्र पैकीच्या पैकी. लाथ बसायच्या आधी मागचा एक पोरगेलासा शिपाई हळूच म्हणतो, "साहेब, ए विंग म्हणाले होते ना?" आणि साहेब म्हणतात, "आलोय तर बघून घेऊ." इतक्या हलक्या आवाजातलं बोलणं या किमतीच्या माइकने पकडलं.

एक तारा कापला तो घड्याळापायी. कारखान्यातून हा चीनच्या वेळेवर येतो, म्हणजे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. दुकानाचा मुलगा बसवून गेला, वेळ लावलीच नाही. फोन केला तर म्हणाला, "काकू, त्याने काय फरक पडतो?" फरक हा पडला की तक्रारीच्या उत्तरात आलं, "फुटेजमधील वेळ व अर्जात नमूद वेळ यांत तफावत आढळते, सबब तक्रार निकाली." मी उभी नोकरी कोर्टात बेंच क्लार्क म्हणून काढली आहे, असली वाक्यं मीच हजारदा टाइप केलीत. पाठोपाठ दुसरा अर्ज दिला: तफावत बरोबर अडीच तासांची आहे, सगळ्या क्लिपमध्ये सारखी आहे, आणि त्याच दिवशीच्या क्लिपमध्ये दूधवाला सकाळी साडेआठला पिशवी टांगताना दिसतो, जो वर्षानुवर्षं सहालाच येतो. पोच घेतली आहे.

खरं तर माझ्या कॅमेऱ्यावर ही वेळ यायलाच नको होती. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, लागू आहे. तिच्या कलम 105 प्रमाणे झडतीचं चित्रीकरण पोलिसांनीच करायचं, मोबाइलवर केलं तरी चालतं, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं. कलम 103 प्रमाणे परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच हवेत आणि झडती त्यांच्यासमोर व्हायला हवी. आमच्याकडे पंच कोण होते? वॉचमन तर खाली झोपलेला होता. माहिती अधिकारात ते चित्रीकरण मागितलं, तर कलम 8(1)(ज) लावून नकार: तपासाला बाधा येते. कोणाच्या तपासाला? आमच्या घरातून नेलं तर काहीच नाही. पहिलं अपील टाकलं आहे.

माझं फक्त दारच मोडलं, हे मला कळतं. नागालँडमध्ये ओटिंगला 4 डिसेंबर 2021 रोजी सैन्याच्या विशेष दलाने कोळसा खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांच्या गाडीवर अतिरेकी समजून गोळ्या झाडल्या. सहा मजूर गेले, नंतरच्या उद्रेकात आणखी माणसं गेली. राज्याच्या पथकाने तीस जवानांवर आरोपपत्र ठेवलं, केंद्राने खटल्याला मंजुरी नाकारली, आणि सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कारवाई बंद केली. तिथे पुराव्यापेक्षा मंजुरीचा कागद मोठा ठरला. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना 1994 च्या खोट्या हेरगिरी प्रकरणासाठी 2018 मध्ये पन्नास लाख मिळाले, तेही केरळ सरकारच्या तिजोरीतून. म्हणून सुताराचं बिल मी अर्जाला जोडलं आहे, पण मागणी पहिली ती साहेबांच्या नावाची आणि चौकशीची. भरपाई दोन नंबरवर.

घ्यायचा असेल तर कार्ड बसतं तेच मॉडेल घ्या, नुसतं क्लाउडवालं नको. वर्गणी संपली की क्लिपही जातात. कार्ड भरलं की जुन्यावर नवं चढतं, त्यामुळे काही घडलं की आधी कार्ड काढून नवं घाला. बसवणाऱ्याला वेळ लावल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि मूळ कार्ड कोणी मागायला आलं तर जप्ती पंचनाम्याशिवाय हातात देऊ नका. कोर्टात फुटेज द्यायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा, लिहावी लागते आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. आमच्या वकिलांच्या ओळखीच्या मुलाने ते करून दिलं. कार्ड अजून माझ्याकडेच आहे. साहेबांचा शिपाई एकदा "काकू, जरा बघायला द्या" म्हणून येऊन गेला. त्याला चहा दिला.