गाडीतला पाऊण तास: टॉक रेडिओ की पॉडकास्ट?

माझ्या भाच्याने अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली आणि मतदार नोंदणीचा अर्ज लगेच भरून टाकला. आठवड्याभराने त्याचा फोन आला. "मामा, एडिसनहून ऑफिसला जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. तेवढ्या वेळात इथलं राजकारण समजून घ्यायचंय. रेडिओ लावू की पॉडकास्ट?" फोनवर मला नीट सांगता आलं नाही. न्यू जर्सीत मी वीसेक वर्षं दोन्ही ऐकत आलोय. त्याच्यासारखे आणखीही अनेक जण असतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

महाराष्ट्रात वाढलेल्याला टॉक रेडिओ म्हणजे काय ते लगेच उमगत नाही. भारतात खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, त्यामुळे आपल्यासाठी रेडिओवरचं राजकारण म्हणजे आकाशवाणीचं बातमीपत्र. इथे एकच माणूस तीन तास राजकारणावर तावातावाने बोलतो आणि श्रोते फोन करून त्याला दुजोरा देतात किंवा त्याच्याशी भांडतात.

हे सुरू कसं झालं ते थोडक्यात सांगतो. 1949 पासून इथे 'फेअरनेस डॉक्ट्रिन' नावाचा नियम होता. वादाच्या सार्वजनिक प्रश्नावर बोलायचं तर विरुद्ध बाजूलाही जागा द्या, असा त्याचा अर्थ. एफसीसी या दळणवळण आयोगाने तो 1987 मध्ये रद्द केला. एफएमवर आवाज स्वच्छ म्हणून गाणी तोवर तिकडे गेली होती आणि एएम केंद्रांना रिकामे तास स्वस्तात भरून हवे होते. 1 ऑगस्ट 1988 पासून रश लिंबॉ या उजव्या विचारांच्या निवेदकाचा कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला आणि पुढे तो सहाशेहून जास्त केंद्रांवर गेला. 1994 मध्ये रिपब्लिकन पक्षाने चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकलं, तेव्हा नव्याने निवडून आलेल्या खासदारांनी लिंबॉंना आपल्या गटाचं मानद सदस्यत्व दिलं. डाव्या बाजूनेही 2004 मध्ये 'एअर अमेरिका' नावाचं रेडिओ जाळं काढून पाहिलं. ते 2010 च्या जानेवारीत बंद पडलं.

लिंबॉ फेब्रुवारी 2021 मध्ये गेले. त्यांच्या वेळेवर नवे निवेदक आले, पण तोवर तरुण श्रोता हातातल्या फोनकडे वळलेला होता. 'प्यू' या संशोधन संस्थेच्या 2024 च्या पाहणीत तिशीच्या आतले 37 टक्के लोक समाजमाध्यमांवरच्या इन्फ्लुएन्सरांकडून नियमित बातम्या घेतात, असं दिसलं. त्याच वर्षीच्या निवडणुकीत ट्रम्प जो रोगन यांच्या पॉडकास्टवर जवळपास तीन तास बसले आणि कमला हॅरिस 'कॉल हर डॅडी' या पॉडकास्टवर गेल्या.

देशपातळीवरचं राजकारण

इथे निवड सोपी आहे: पॉडकास्ट. एएमवर दुपारी लागणारा देशव्यापी कार्यक्रम आणि फोनवरचा शो यांत आता फारसं अंतर राहिलेलं नाही. उजव्या विचारांचे बेन शपिरो यांचा कार्यक्रम आधी पॉडकास्ट होता, मग रेडिओ केंद्रांनी घेतला. उलट रेडिओवरचे जवळजवळ सगळे मोठे निवेदक आपला कार्यक्रम पॉडकास्ट म्हणूनही टाकतात. मग जाहिरातींनी चिरलेला तास कशाला ऐकायचा? शिवाय पॉडकास्ट थांबवता येतो, मागे नेता येतो. एखादा आकडा कानाला खटकला तर घरी येऊन तेच वाक्य पुन्हा ऐकून पडताळता येतं. रेडिओवर निसटलेलं वाक्य पुन्हा शोधणं जिकिरीचं.

डावीकडचं ऐकायचं तर 'पॉड सेव्ह अमेरिका' आहे. ओबामांकडे काम केलेल्या मंडळींनी तो 2017 मध्ये सुरू केला. पक्ष लपवत नाहीत, हे मला त्यांचं आवडतं. उजवीकडचं शपिरो यांच्याकडे मिळेल. दोन्ही ऐक, पण एकाच दिवशी नको, डोकं फिरतं.

गावचं आणि राज्याचं राजकारण

खरी तुलना इथे आहे, आणि इथे मी रेडिओच्या बाजूने आहे.

1990 साली न्यू जर्सीचे राज्यपाल जिम फ्लोरिओ यांनी 2.8 अब्ज डॉलरची करवाढ आणली. विक्रीकर 6 वरून 7 टक्के झाला आणि टॉयलेट पेपरसारख्या घरगुती वस्तूंनाही लागू झाला. एनजे 101.5 हे केंद्र तेव्हा नुकतंच बोलक्या कार्यक्रमांकडे वळलं होतं. लोक तिथे फोन करून संताप ओतू लागले आणि त्यातून कराविरुद्ध चळवळ उभी राहिली. पुढच्याच वर्षी विधिमंडळाची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांच्या हातून गेली. 1993 मध्ये फ्लोरिओ स्वतः क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांच्याकडून थोडक्यात हरले. करवाढ बरोबर होती की चूक, यावर आजही वाद घालता येईल. पण आपल्या मालमत्ता कराबद्दल, शाळेच्या निधीबद्दल, टर्नपाइक या महामार्गाच्या टोलबद्दल तासभर बोलणारं माध्यम तेव्हाही हेच होतं. ऑस्टिनमध्ये किंवा लॉस एंजेलिसमध्ये बसलेला पॉडकास्टवाला एडिसनच्या शाळा मंडळावर बोलणार नाही.

दुसरं म्हणजे फोन. डब्ल्यूएनवायसी या न्यूयॉर्कच्या सार्वजनिक रेडिओ केंद्रावर ब्रायन लेहरर 1989 पासून रोज सकाळी श्रोत्यांचे फोन घेत आले आहेत. बिल डी ब्लासिओ न्यूयॉर्कचे महापौर असताना दर शुक्रवारी तिथे लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. इथे न्यू जर्सीत फिल मर्फी राज्यपाल असताना 'आस्क गव्हर्नर मर्फी'मध्ये तसंच व्हायचं. कुणाच्या तळघरात पाणी शिरलेलं असायचं, कुणाचा बेकारी भत्ता अडकलेला असायचा, आणि राज्यपालाला त्या माणसाशी नाव घेऊन बोलावं लागायचं. तीन तासांच्या मनमोकळ्या मुलाखतीत उमेदवार माणूस म्हणून कळतो, हे मी नाकारत नाही. पण तिथे प्रश्न एकटा यजमान विचारतो, आणि त्याला अवघड प्रश्न विचारायचे नसतील तर ते कुणीच विचारत नाही.

चुकलं तर कोणाला धरायचं

रेडिओ केंद्राला परवाना लागतो आणि तो आठ वर्षांनी नव्याने घ्यावा लागतो. एका उमेदवाराला वेळ दिली तर प्रतिस्पर्ध्यालाही तशी संधी द्यावी लागते. काही अपवाद आहेत, पण नियम आहे. पैसे घेऊन काही प्रसारित केलं तर कुणाचे पैसे ते सांगावं लागतं. निवेदकाच्या मताला मात्र लगाम नाही, हेही लक्षात ठेव. तिथे मालकच काय ते ठरवतो. जानेवारी 2021 मध्ये 'क्युम्युलस' या रेडिओ कंपनीने आपल्या निवेदकांना, निवडणूक चोरली गेली असं सुचवणं थांबवा, असा लेखी आदेश दिला होता. मालकाचा असा वचक चांगला की वाईट, यावर मी अजून स्वतःशीच झगडतो.

ऑनलाइन माध्यमांत परवाना नाही आणि पैसा कुठून आला ते कळायला फार वेळ लागतो. सप्टेंबर 2024 मध्ये न्यायखात्याने आरोप ठेवला की, रशियाच्या सरकारी वाहिनीच्या दोन कर्मचाऱ्यांनी टेनेसीतल्या एका ऑनलाइन कंपनीकडे जवळपास 1 कोटी डॉलर वळवले. तिथल्या नामवंत भाष्यकारांनी सांगितलं की, पैसा कुणाचा हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ज्यांचा तो रोजगार होता त्यांना कळलं नाही, तर गाडी चालवत ऐकणाऱ्याला काय कळणार?

माझा स्वतःचा वाईट अनुभव मात्र ऑटोप्लेचा आहे. एका व्हिडिओ ॲपवर एच-1बी व्हिसावरची साधी माहिती ऐकत होतो. एक संपलं की दुसरं आपोआप लागत गेलं. दोन आठवड्यांत माझ्यासमोर येऊ लागले ते भारतीयांना इथून हाकला म्हणणारे लोक, आणि मला ते मी शोधलेत असंच वाटायला लागलं होतं. रेडिओचा निवेदक कितीही भडक असला तरी तो सगळ्यांना एकच ऐकवतो. शेजाऱ्यानेही तेच ऐकलेलं असतं, आणि कुंपणापाशी त्याच्याशी त्यावर वाद घालता येतो.

आवाजाची गुणवत्ता, खर्च यांत वेळ घालवू नकोस, दोन्ही फुकट आहेत. एक गोष्ट मात्र गाडी घेताना बघ. टेस्लासह काही कंपन्यांनी विजेवरच्या गाड्यांतून एएम काढून टाकलं आहे, मोटरमुळे खरखर येते म्हणून. फोर्डनेही ते काढायचं ठरवलं होतं, 2023 मध्ये निर्णय फिरवला. 2012 च्या सँडी वादळात आमच्याकडे वीज गेली, पाठोपाठ फोनही बंद पडले, आणि पेट्रोल कुठे मिळतंय ते आम्हाला बॅटरीवरच्या रेडिओने सांगितलं.

तेव्हा भाच्याला मी असं सुचवलंय: जाताना स्थानिक रेडिओ. येताना स्वतः निवडून आधीच उतरवून घेतलेला एक पॉडकास्ट, एक दिवस डावा, एक दिवस उजवा, ऑटोप्ले बंद करून. आणि केंद्राचा नंबर फोनमध्ये साठवून ठेव. फोन करायचा तर आधी गाडी बाजूला लाव. पलीकडची व्यक्ती तुझं नाव, गाव आणि प्रश्न एका वाक्यात विचारेल. मग रांगेत वीसेक मिनिटं जातात. "एडिसनहून बोलतोय" एवढं सांग आणि शाळेच्या निधीचं विचार.