सील तीनदा बदललं, गळती एकदाच थांबली : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

मोटारसायकल बावीस वर्षांची, एक सिलिंडर, चार स्ट्रोक. रात्री स्टँडवर लावली की सकाळी फरशीवर बाटलीच्या झाकणाएवढा डाग. डाग डाव्या अंगाला, पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) झाकणाखाली. म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टचं ऑइल सील, म्हणजे ऑइल आत अडवणारी रबरी कडी गेली, असं कोणीही सांगेल. मेकॅनिकनेही तेच सांगितलं आणि सील बदलून दिलं. ते अकरा दिवस कोरडं राहिलं. दुसरं मी स्वतः बसवलं, ते जेमतेम महिनाभर. तिसऱ्याला आता नऊ महिने झालेत, गाडी साडेसहा हजार किलोमीटर पळली आहे आणि फरशी कोरडी आहे. तिन्ही सीलं एकाच मापाची आणि एकाच कंपनीची होती, म्हणून सीलला शिव्या द्यायची सोय राहिली नाही.

पहिल्या दोन वेळा ऑइल नेमकं कुठून सुरू होतंय, हे कोणी बघितलंच नव्हतं. ऑइल खाली ओघळतं, वाऱ्याने मागे पसरतं, आणि आपल्याला दिसतो तो फक्त शेवटचा थेंब. त्यातच चेनला मारलेलं ल्यूब उडून झाकणाच्या आत साचतं आणि तेही काळंच दिसतं. तिसऱ्या वेळी झाकण काढलं, सगळा चिखल-ग्रीस डिझेल आणि जुन्या दातांच्या ब्रशने धुतला, चिंधीने कोरडा केला आणि वर टाल्कम पावडर भुरभुरली. इंजिन दहा मिनिटं जागेवर चालवलं. पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ उमटली ती सीलच्या ओठापाशी (आतल्या रबरी कडेपाशी) नव्हेच. ती स्प्रॉकेटच्या दात्यांमधून, शाफ्टच्या खाचांवरून येत होती.

मग डोक्यात प्रकाश पडला. अशा बऱ्याच इंजिनांत सीलचा ओठ थेट शाफ्टवर घासत नाही. शाफ्टवर स्टीलचा एक बुश (नळीसारखा तुकडा) सरकवलेला असतो, ओठ त्या बुशवर फिरतो, आणि बुश व शाफ्ट यांच्यामध्ये एक ओ-रिंग, म्हणजे बारीक रबरी कडी असते. ती कडक होऊन चपटली की ऑइल बुशच्या आतून वाट काढतं. बाहेर कितीही नवं सील ठोका, त्याला पत्ताही लागत नाही. माझी ओ-रिंग बाहेर काढताना बिस्किटासारखी तुटली.

बुशवर ओठाने एक गोल खाच पाडली होती. नख फिरवलं की अडकायचं. नख अडकत असेल तर बुश बदलाच, पॉलिश पेपरने घासून खाच जात नाही, उलट ओठाला ओरखडे पाडणारा खडबडीतपणा येतो. गिअर लिव्हरच्या शाफ्टला बुश नसतो, तिथे ओठ थेट शाफ्टवर. तिथलं सील मी जुन्यापेक्षा एक मिलिमीटर कमी आत बसवलं, म्हणजे ओठाला नवी, न झिजलेली जागा मिळाली. त्याच वेळी शाफ्ट हाताने वर-खाली हलवून पाहिला. बेअरिंग ढिलं असतं तर ही सगळी मेहनत वाया गेली असती.

आता माझी स्वतःची चूक. दुसऱ्या वेळी जुनं सील स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना ॲल्युमिनियमच्या बैठकीवर ओरखडा पाडला, आणि नवं सील बाहेरच्या कडेनेही पाझरलं. तिसऱ्या वेळी सीलच्या तोंडावर बारीक भोक पाडलं, त्यात छोटा स्क्रू फिरवला आणि पक्कडीने सरळ ओढून काढलं. भोक फक्त पत्र्यापुरतं, ड्रिल आतल्या बेअरिंगला लागता कामा नये. ओरखडा अगदी बारीक पेपरने हलका केला आणि कडेला सीलंटचा पातळसा हात दिला. बसवताना शाफ्टच्या खाचांवर टेप गुंडाळली, ओठाला ग्रीस लावलं, स्प्रिंगची बाजू आत, ऑइलकडे. सीलच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान पान्याची गोटी (सॉकेट) वर ठेवून हळूहळू चहूबाजूंनी ठोकलं. घाई केली की सील तिरकं बसतं.

मग ब्रीदर. पिस्टन खाली येताना इंजिनच्या पोटात दाब तयार होतो, तो बाहेर सोडायला ही नळी असते. माझी नळी काढून फुंकली तर हवा पलीकडे जाईना. आत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं! दाबाला दुसरी वाट नसली की तो सीलच्या ओठालाच ढकलतो. माझा अंदाज, एवढ्या वर्षांत गळणाऱ्या निम्म्या जागांना हीच नळी कारणीभूत होती, कारण ती मोकळी केल्यावर क्लच कव्हरच्या पॅकिंगपाशी येणारा ओलावाही कमी झाला.

सीलचं रबर साधं नायट्राइल असावं की महागडं व्हिटॉन, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. नायट्राइल साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत आरामात काम करतं, व्हिटॉन २०० च्या आसपास. गिअरबॉक्सच्या बाजूला मी साधंच वापरलं, तक्रार नाही. तपकिरी रंग म्हणजे व्हिटॉन, हा समज मात्र सोडा, रंग कोणीही देऊ शकतं. त्यापेक्षा सीलवर छापलेले तीन आकडे (आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये) जुन्याशी जुळवा आणि ओठ नखाने दाबून बघा. लगेच परत उसळला पाहिजे. वर्षानुवर्षं कपाटात पडलेलं सील नवं असलं तरी ताठरलेलं असू शकतं.

‘गळती थांबवणारी’ बाटलीही सुरुवातीला ओतून झाली. रबर थोडं फुगतं, तीन आठवडे बरं वाटलं, मग पूर्वीपेक्षा जास्त. शिवाय अशा गाडीत क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे कारसाठी बनवलेलं काहीही ओतायची हिंमत मी पुन्हा करणार नाही. बाहेरून थापलेल्या सिलिकॉनबद्दल तर बोलायलाच नको. माझ्या इंजिनातल्या ऑइल गाळायच्या जाळीत त्याचे राखाडी धागे सापडले.

नऊ महिन्यांचा हिशेब: दोन ऑइल बदलांच्या मध्ये टॉप-अप लागला नाही, आणि मागच्या टायरच्या कडेवर ऑइलचा तवंग दिसत नाही. खरी भीती त्याचीच होती, वळणावर.

किक शाफ्टपाशी मात्र दोन आठवड्यांपासून ओलसर दिसतंय. थेंब पडत नाही, बोट लावलं की फक्त चकाकतं. नवं सील आणून ठेवलंय, पण अजून हात लावलेला नाही. परवा पुसून पावडर मारली आहे, आधी ती रेघ कुठून निघते ते बघतो.