आहाराचा सल्ला: डॉक्टरांची दोन मिनिटं की आहारतज्ज्ञांकडे चिठ्ठी?

डॉक्टरांच्या शब्दाला वजन असतं आणि रुग्ण त्या क्षणी समोर बसलेला असतो. चिठ्ठी दिलेले बरेच जण आहारतज्ज्ञांपर्यंत पोचतच नाहीत. रक्तदाब मोजून झाल्यावर ‘मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, आणि त्यात पाकीटबंद पदार्थांतलंही धरायचं’ हे सांगायला मिनिटही लागत नाही. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्याला ‘पालेभाज्या बंद करू नका, पण प्रमाण अचानक वाढवू-घटवू नका’ हे तर औषध लिहितानाच सांगायला हवं. ते दुसऱ्यावर ढकलणं मला धोक्याचं वाटतं.

वजन कमी करायचं असेल तेव्हा मात्र ‘खाण्यावर ताबा ठेवा’ म्हणणं जवळजवळ काहीच न सांगण्यासारखं आहे. अमेरिकेत मधुमेह प्रतिबंधावर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. वजन कमी करण्यासाठी आहार-व्यायाम करणाऱ्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या गटात 31 टक्क्यांनी. पण त्या यशामागे प्रत्येकासाठी 16 धड्यांचं वैयक्तिक मार्गदर्शन आणि नंतरचा पाठपुरावा होता. गर्दीच्या ओपीडीत एवढं कुठून जमणार? मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम, फॉस्फरस आणि प्रथिनं यांचा एकत्र हिशोब लागतो. तिथेही आहारतज्ज्ञच हवेत.

फक्त चिठ्ठी दिली की डॉक्टरांचं काम संपलं, असं नको. पुढच्या भेटीत ‘काय ठरलं होतं, किती जमलं?’ हे त्यांनी आवर्जून विचारावं. विचारलंच नाही, तर रुग्णाला वाटतं, गोळ्या तेवढ्या महत्त्वाच्या.