तलवारींचा खोटा परवाना आणि गोव्यातला नसलेला महोत्सव

कळव्यातल्या आमच्या मर्दानी खेळाच्या पथकाचे एकूण ६१,५०० रुपये गेले. ते हळूहळू भरून निघतील. पण बसमध्ये आम्ही चौदा जण होतो, त्यात पाच शाळकरी मुली, आणि एका माणसाने पोलिसांचा बनावट परवाना आमच्या हातात देऊन नऊ तलवारींसकट आम्हाला राज्याच्या सीमेपर्यंत पाठवलं. दुसऱ्या कुठल्याही पथकावर ही वेळ येऊ नये म्हणून जसं घडलं तसं लिहितोय.

पथकाचा व्यवहार मी बघतो, त्यामुळे फोन मलाच आला. "शिवजयंतीच्या मिरवणुकीतला तुमचा व्हिडिओ बघितला दादा, दांडपट्ट्याने लिंबू कापणारी ती मुलगी कोण?" इथून त्याने सुरुवात केली. गोव्यात किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये समुद्री चाच्यांचा महोत्सव आहे, लाकडी जहाजाचं नेपथ्य आहे, परदेशी पाहुणे आहेत, शनिवार-रविवार मिळून दोन खेळ करायचे. मानधन १,२०,००० रुपये. राहणं-जेवण त्यांच्याकडे, प्रवासाचं बिल दिलं की तेही परत. आम्हाला एरवी एका खेळाचे पंधरा, फार तर वीस हजार मिळतात. त्यातूनच हलगीवाल्यांचे पैसे, फेटे, दुरुस्ती सगळं भागवायचं असतं.

त्याला कान्होजी आंग्रे 'मराठा पायरेट' म्हणून दाखवायचे होते. त्यावर आम्हाला खेळ शिकवणारे वस्ताद भडकले. कान्होजी मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख होते. त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना न घेता जाणारी जहाजं ते धरत, आणि ज्यांची जहाजं धरली गेली त्या इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवून टाकलं. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले, तरी त्यांना तो घेता आला नाही. वस्तादांनी माझ्या हातातून फोन घेऊन सांगितलं, "खेळ करू तर कुलाब्याच्या लढाईचा. सरखेलांना चाचा म्हणून आम्ही उभं करणार नाही." पलीकडून तत्काळ उत्तर आलं, "वस्ताद, तुम्ही म्हणाल तसं."

आम्हाला तेव्हा बरं वाटलं. आता कळतं की खटकायला तिथेच हवं होतं. खरा आयोजक वेळेवरून वाद घालतो, मानधनावर घासाघीस करतो, स्टेज किती फुटांचं लागेल ते विचारतो. पट्टा फिरवायचा म्हणजे चहूबाजूंनी मोकळी जागा लागते, प्रेक्षक लांब ठेवावे लागतात. या माणसाने जागेबद्दल एकदाही विचारलं नाही.

मग त्याने आमच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. तलवारी घेऊन प्रवास करणं हे आमच्यासारख्या पथकांचं कायमचं दुखणं आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये तलवार हे शस्त्रच आहे. त्याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो तेव्हा तलवारी, भाले, अगदी लाठ्यासुद्धा बाळगता येत नाहीत, आणि ठाणे शहरात असे आदेश वरचेवर निघतात. त्यामुळे साधी मिरवणूक असली तरी आम्ही आधी पोलीस ठाण्यात अर्ज देतो. हा माणूस म्हणाला, "गोव्याची परवानगी आम्ही काढतो, तुम्ही फक्त शस्त्रांची यादी पाठवा." त्याचे १५,००० आणि कलाकारांच्या विम्याचे ८,५००. दोन्ही रकमा मानधनासोबत परत मिळणार होत्या. यूपीआयवर पैसे पाठवताना कंपनीच्या नावाऐवजी भलत्याच माणसाचं नाव दिसलं. विचारलं तर म्हणाला, आमच्या अकाउंटंटचं खातं आहे. मी पिन टाकला.

दोन दिवसांनी परवान्याची दोन पानी पीडीएफ आली. वर बोधचिन्ह, खाली गोल शिक्का, सही. मी तिचे तीन रंगीत प्रिंट काढले आणि एक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून बसच्या डॅशबोर्डवर ठेवला.

सतरा सीटरचे येण्या-जाण्याचे ३८,००० ठरले. शुक्रवारी निघायच्या आधी मी आगाऊ मिळायच्या अर्ध्या मानधनाची आठवण केली. त्याने साठ हजारांच्या एनईएफटीचा स्क्रीनशॉट पाठवला आणि म्हणाला, "उद्या-परवा बँकेला सुट्टी आहे दादा, सोमवारी जमा होईल." हे धादांत खोटं होतं. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते. पैसे खरंच पाठवले असतील तर तासा-दोन तासांत खात्यात दिसायला हवेत. मला हे माहीत असतं तर बस कळव्यातून हललीच नसती.

रात्री नऊला निघालो. पनवेल, वडखळ, माणगाव, महाड. पोरं गाणी म्हणत होती, मग चिपळूणच्या पुढे सगळी झोपली. सकाळी बांदा मागे पडलं आणि गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीच्या नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवली. मागच्या सीटखाली गोणपाटात बांधलेल्या तलवारी बघून पोलिसांनी सगळ्यांना खाली उतरवलं.

मी विश्वासाने फोल्डर पुढे केला. अधिकाऱ्यांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली. दोन्ही पानांवर शिक्का अगदी एकाच जागी, त्याची खालची कडा एकाच ठिकाणी फिकट. हाताने मारलेले दोन शिक्के असे हुबेहूब उमटत नाहीत, चित्र चिकटवलं की उमटतात. मग त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. "तुम्ही यादी कधी पाठवलीत?" मी मोबाइलमध्ये बघितलं. यादी पाच तारखेला पाठवली होती आणि परवाना तीन तारखेचा होता. माझे पाय गळाले. त्यांनी एक फोन केला आणि सांगितलं, "असं पत्र आमच्याकडून गेलेलं नाही."

पुढचे चार तास मी आयुष्यभर विसरणार नाही. आमच्यातली सगळ्यात लहान मुलगी, नववीतली, पुन्हा पुन्हा विचारत होती, "दादा, आपल्याला आत टाकतील का?" तिच्या आईला मी शब्द देऊन आलो होतो.

आम्हाला वाचवलं ते वस्तादांच्या जुन्या सवयीने. प्रत्येक तलवारीचा आणि पट्ट्याचा फोटो, लांबी, 'धार नाही' असा शेरा, शेवटी त्यांची सही, आणि आमच्या पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच. ही वही ते पिशवीत घेऊनच फिरतात. अधिकाऱ्यांनी एकेक पातं काढून धारेवरून अंगठा फिरवला. सगळी बोथट. पोच दिलेल्या पोलीस ठाण्यात फोन करून खात्री केली. मग त्यांनीच रिसॉर्टचा नंबर शोधून लावला. तिथे त्या दिवशी कुणाचं तरी लग्न होतं. चाच्यांचा महोत्सव हे नावही त्यांनी ऐकलं नव्हतं. हा फोन मी घरी कळव्यात बसून आठ दिवस आधी करू शकलो असतो. मी फक्त त्या माणसाने दिलेल्या 'रिसॉर्ट मॅनेजर'च्या नंबरावर बोललो होतो.

आम्हाला जबाब घेऊन परत जाऊ दिलं. त्या माणसाचा फोन तोवर बंद झाला होता. नाक्यावरूनच मी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला. विम्याचे ८,५०० खात्यात गोठवले गेले, ते अजून हातात आलेले नाहीत. १५,००० आधीच काढून घेतलेले होते. कळव्यात परतल्यावर पोलिसांकडे लेखी तक्रार दिली, त्यात फसवणुकीसोबत बनावट परवान्याचा मुद्दा वस्तादांनी वेगळा लिहायला लावला. परवान्याचा अर्ज यापुढे आम्ही स्वतः करणार, पोच स्वतः आणणार, आणि खेळ करण्यासाठी आयोजकाला एक रुपयाही आधी देणार नाही.

सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट नंतर कळली. नेरुळच्या एका ताईंचा आम्हाला मेसेज आला. घरगुती कोकम सरबत आणि लोणच्यांच्या स्टॉलसाठी त्यांनी त्याच माणसाला ७,००० भरले होते. "पोस्टरवर तुमच्या पथकाचा फोटो बघितला, म्हणून भरवसा वाटला," असं त्यांनी लिहिलं होतं. पोस्टर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांचे पैसे आमच्या तोंडाकडे बघून गेले, हे मनातून जात नाही. ताईंनीही तक्रार द्यावी म्हणून मी त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात गेलो.

ते पोस्टर अजून फिरतंय, आता त्यावर तारीख नवी आहे. मागे काळं जहाज, डाव्या बाजूला भगवा फेटा बांधून पट्टा फिरवणारी मुलगी. ती आमच्या पथकातली आहे आणि तो फोटो ठाण्यातल्या शिवजयंतीचा आहे. पोस्टर तुमच्याकडे आलं तर ज्याने पाठवलं त्याला कृपया लगेच कळवा की असा कुठलाही महोत्सव नाही.