छोटी सेकंडहँड स्पोर्ट्स बाइक: भरपूर चाललेली घ्यावी की उभी राहिलेली?

सेकंडहँड स्पोर्ट्स बाइक शोधता शोधता बहुतेकांसमोर शेवटी दोन गाड्या उरतात. मॉडेल तेच, वर्षही जवळपास तेच. एक पस्तीस-चाळीस हजार किलोमीटर चाललेली, टाकीला गुडघे घासून रंग मंद झालेला, पण सर्व्हिसची सगळी बिलं जपलेली. दुसरी जेमतेम सहा हजार चाललेली, चकचकीत. मालक सांगतो, ‘जास्त काढलीच नाही, उभीच असायची.’ मन लगेच दुसरीकडे धावतं. मी मात्र पहिलीकडे आधी बघेन. रनिंगचा आकडा हा या गाड्यांबाबतचा सगळ्यात कच्चा पुरावा आहे. गाडीची निगा कशी राखली, ती उभी कशी ठेवली आणि पडली असेल तर कशी पडली, यावर तिचं पुढचं आयुष्य ठरतं.

मी बोलतोय ते निन्जा ३००, यामाहा आर३, केटीएम आरसी ३९०, होंडा सीबीआर२५०आर अशा गाड्यांबद्दल. इंजिन लहान पण वरच्या आरपीएमला पळणारं, कूलंटवर थंड होणारं, आणि अंगावर फेअरिंग, म्हणजे प्लास्टिकचं आवरण. अनेकांची ही पहिलीच वेगवान गाडी असते, म्हणून ती पडलेली असण्याची शक्यताही जास्त.

उभ्या गाडीचे प्रश्न

टायरपासून सुरुवात करा. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. ‘३२१९’ म्हणजे २०१९ सालच्या ३२व्या आठवड्यात बनलेला. कमी चाललेल्या गाडीचे टायर बहुधा मूळचेच असतात आणि अडचण तिथेच आहे. नक्षी पूर्ण दिसते, पण रबर कडक झालेलं असतं, आणि ओल्या वळणावर त्या नक्षीचा काही उपयोग होत नाही. पाच वर्षं उलटून गेलेली दिसली की मी दोन्ही टायरांचा खर्च किमतीतून सरळ वजा करतो.

मग टाकी. झाकण उघडून टॉर्च मारा आणि आतल्या कडा, जोड बघा. अर्धवट भरलेल्या टाकीत पेट्रोलच्या वरचा पत्रा गंजतो. तो गंज पंपाच्या फिल्टरमध्ये आणि तिथून इंजेक्टरपर्यंत जातो. जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा आंबूस वास येतो, तो एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, मग गाडी चालो वा न चालो. साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. डब्याच्या काचेतून फिकट पिवळं दिसलं तर ठीक. काळ्या चहासारखं दिसलं तर कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन अडकत असण्याची शंका घ्या: चाक उचलून हाताने फिरवा, ब्रेक दाबून सोडा, पुन्हा फिरवा. सोडल्यावरही चाक जड फिरत असेल तर काम आहे.

फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) चकाकत्या नळ्यांवरून नख फिरवा. गंजाचा बारीकसा खड्डा नखाला लागला, तर तो प्रत्येक दणक्याला तेल अडवणारं सील कापत राहणार. नवं सील बसवूनही तेल पुन्हा गळतं, कारण दोष नळीचा असतो. बॅटरी मीटरवर तपासा. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, आणि इंजिन ५,००० आरपीएमला धरल्यावर साधारण १३.५ ते १४.५ हवेत. बॅटरी बदलणं सोपं आहे, पण चालू इंजिनवर आकडा वर जात नसेल तर वीज बनवणारा स्टेटर किंवा व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर तपासावा लागेल, आणि तो खर्च बॅटरीच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो.

यातलं बहुतेक सगळं बदलता येतं. फक्त ‘कमी चाललीय’ म्हणून मालक जो चढा भाव सांगतो, त्यात हा खर्च त्याने धरलेला नसतो.

चाललेल्या गाडीचे प्रश्न

इथे झीज बघायची आणि ती बरीचशी उघडी दिसते. मागच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी धरून बाहेर ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन संपली. दात एका बाजूला वाकून हुकसारखे झाले असतील तर स्प्रॉकेटही गेलं. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजा. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. बरोबर मध्यावर खाचेत बसल्यासारखं अडलं तर स्टेअरिंगची बेअरिंग बदलायला झाली आहे.

खरी चिंता इंजिनची, आणि इथे सिंगल (एक) आणि ट्विन (दोन) सिलिंडरमधला फरक लक्षात घ्यावा लागतो. पिस्टन जितका वेगाने धावतो, तितकी झीज जास्त. आरसी ३९०चा एकच पिस्टन ८९ मिलिमीटर व्यासाचा, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ६० मिलिमीटर. १०,००० आरपीएमला त्याचा सरासरी वेग सेकंदाला २० मीटर होतो. निन्जा ३०० आणि आर३ या ट्विन. निन्जा ३००चा स्ट्रोक ४९ मिलिमीटर, त्याच आरपीएमला सुमारे १६ मीटर. आर३चा ४४.१, तिथे १५ मीटरच्याही आत. सिंगलला खालीच ताकद मिळते, त्यामुळे ती रोज इतकी वर खेचावी लागत नाही, हेही खरं. तरी चाळीस हजार चाललेल्या सिंगलकडून मी जास्त कागद मागेन. तिची थरथर नंबर प्लेटचे ब्रॅकेट आणि फेअरिंग जिथे बसते ते कान यांनाही सोसावी लागते, तेही तडकलेत का ते पाहा.

बिलांमध्ये शोधायची सगळ्यात मोलाची नोंद म्हणजे व्हॉल्व्ह क्लिअरन्सची, व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांमधल्या फटीची, तपासणी. तिला वेळ लागतो, पैसे लागतात, म्हणून तीच टाळली जाते. आणि घट्ट झालेला व्हॉल्व्ह आवाज करत नाही. क्लिअरन्स वाढला तर टकटक ऐकू येते, कमी झाला तर इंजिन उलट शांत वाटतं, आणि व्हॉल्व्हची बैठक हळूहळू जळत जाते. तेव्हा ‘आवाज बघा किती स्मूथ आहे’ यावर विसंबू नका, बिल दाखवा म्हणा. किती किलोमीटरला तपासायचं हे त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतं.

पडलेली असेल तर

हा भाग दोन्ही गाड्यांना लागू आहे आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा, कारण फेअरिंग नवी घालून पडझड झाकता येते. ओरखडे सोडा, टोकं बघा: क्लच-ब्रेक लेव्हरची टोकं, हँडलच्या टोकाचे वजनी तुकडे, फूटरेस्टचं टोक, इंजिनच्या दोन्ही बाजूंची कव्हरं. एकाच बाजूचा लेव्हर नवाकोरा आणि दुसरा जुना, म्हणजे गाडी त्या नव्या बाजूला झोपली असण्याची शक्यता मोठी.

नंतर खाली वाकून हँडलच्या खालच्या क्लॅम्पजवळ बघा. हँडल पूर्ण वळल्यावर जिथे टेकतं तो छोटा स्टॉपर चेपलेला किंवा तुटलेला असेल, तर पुढून जोरात मार बसलाय. किरकोळ आडवं पडून असं सहसा होत नाही. तसा स्टॉपर दिसला की मी किंमत विचारत नाही, गाडी सोडून देतो.

रेसिंग ट्रॅकवर वापरलेली गाडी ओळखायची एक खूण बोल्टांमध्ये असते. ऑइल काढायच्या बोल्टला किंवा कॅलिपरच्या बोल्टांना आरपार बारीक भोक असेल, तर ते बहुधा बोल्ट तारेने बांधण्यासाठी पाडलेलं आहे. ट्रॅकवरची गाडी वाईटच असते असं नाही, उलट तिचं ऑइल वेळेवर बदललेलं असू शकतं. पण मालकाने ते आपणहून सांगायला हवं होतं.

फ्रेमवरचा सतरा अक्षरांचा नंबर आणि इंजिन नंबर कागदपत्रांशी अक्षरन् अक्षर जुळवा. डिजिटल मीटर अख्खा बदलता येतो, म्हणून सहा हजार दाखवणाऱ्या गाडीच्या फूटरेस्टचं रबर गुळगुळीत असेल आणि डिस्कच्या काठाला उंचवटा असेल, तर तो आकडा मानू नका.

चालवून बघताना

आधीच कळवा की गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर इंजिनला हात लावा. गरम लागलं तर थंड स्टार्टची अडचण लपवली जात असेल, थांबा किंवा परत या. गाडीला एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा) असेल, तर चावी फिरवल्यावर तिचा दिवा लागायला हवा आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझायला हवा. लागलाच नाही तर बिघाड लपवलेला असू शकतो. वरच्या गिअरमध्ये मध्यम आरपीएमला थ्रॉटल पूर्ण उघडा. आरपीएम वाढतो आणि वेग त्या मानाने वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. निन्जा ३००चा क्लच लेव्हर मुळातच हलका असतो, त्यावरून काही निष्कर्ष काढू नका. दुसऱ्या गिअरमध्ये ओढताना गिअर निसटला तर इंजिन उघडावं लागणार. थ्रॉटल सोडून उतारावरून आल्यावर पुन्हा उघडताच निळा धूर आला तर व्हॉल्व्हचे सील संपत आलेत. निळा धूर जोर देताना सतत येत असेल तर शंका पिस्टनच्या रिंगांवर.

बिलं पूर्ण असतील, व्हॉल्व्हची नोंद असेल आणि स्टॉपर शाबूत असेल, तर मी चाळीस हजारवाली घेईन, विशेषतः ट्विन असेल तर. उभी असलेली घ्यायचीच झाली तर टायर, बॅटरी, ब्रेक ऑइल, कूलंट, इंजिन ऑइल आणि टाकीची सफाई, एवढ्याचा अंदाज मेकॅनिककडून लिहून घ्या आणि तो कागद समोर ठेवूनच भाव बोला. मालक सायलेन्सर बदललेली गाडी देत असेल, तर मूळ सायलेन्सर सौद्यातच मागून घ्या, नंतर तो सापडत नाही.