पावर वाढवून देतो म्हणाला आणि आबांच्या डायनाचं पोट रिकामं केलं

जुनी स्प्रिंगवाली एअरगन ट्यूनिंगला देणार असाल, तर आधी हे वाचा. आमच्या आबांची गेली, तुमची जाऊ नये.

आबा भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर. रेल्वेतल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरने गाव सोडताना डायना २७ त्यांना विकली. जर्मनीतल्या राश्टाटची, ४.५ मिमी छर्‍याची, नळी मोडून, म्हणजे बिजागरीतून खाली दुमडून, भरायची. सिलिंडरवर मागच्या बाजूला '०४ ६७' ठोकलेलं, म्हणजे एप्रिल १९६७ ची. दिवाळीच्या आधी आबा ओट्यावर गोणपाट अंथरून ती खोलायचे. पिस्टनच्या तोंडावरचा चामड्याचा वॉशर तेलात भिजत पडायचा. ट्रिगरमधल्या तीन पोलादी गोळ्या ते वाटीत काढून ठेवायचे आणि आम्हा पोरांना वाटीजवळ फिरकू द्यायचे नाहीत. पिस्टनच्या शेपटावर त्यांनी कानशीने दोन रेघा मारल्या होत्या, एक लांब, एक आखूड. फिटर माणूस, खूण केल्याशिवाय वस्तू आपली मानायचा नाही.

आबा गेल्यावर बंदूक माळ्यावरच होती. भाचीला नेमबाजीची गोडी लागली म्हणून मी ती खाली काढली. झटका जास्त बसायचा, छर्रा सुटल्यावर आत स्प्रिंग झणझणायची. ती हाताला मऊ व्हावी, एवढंच मला हवं होतं. जळगावात एक जण हे काम करतो असं कळलं.

"मऊ कशाला, भाऊ? पावर वाढवून देतो. केळीच्या बागेत माकडं फिरकणार नाहीत," तो म्हणाला. माकडांवर छर्रे झाडायचे नाहीत, पोरगी कागदावर नेम धरणार आहे, असं मी स्पष्ट सांगितलं. तरी त्याचं पावर-पावर चालूच. ६,५०० रुपये ठरले, ४,००० आधी दिले. पावती मागितली नाही.

पंधरा दिवसांनी घ्यायला गेलो. "आते देखा भाऊ!" म्हणत त्याने क्रोनोग्राफवरून, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावरून, छर्रा मारला. कानठळी बसेल असा आवाज, आकडा सेकंदाला २५५ मीटर. नळीच्या तोंडातून निळसर धूर निघाला आणि जळक्या तेलाचा वास आला. दुसरा छर्रा मारून त्याने बंदूक लगेच पिशवीत घातली. मी खूश होऊन उरलेले पैसे मोजले.

तो धूरच सगळं सांगत होता. स्प्रिंगच्या जोराने पिस्टन पुढे झेपावला की सिलिंडरमधली हवा क्षणात दाबली जाते आणि तापते. तिथे तेल सांडलेलं असेल तर ते डिझेल इंजिनासारखं पेटतं आणि छर्रा फाजील वेगाने सुटतो. आकडा बंदुकीचा नसतो, तेलाचा असतो. तेल संपलं की खेळ संपला, वर वॉशर करपतो आणि स्प्रिंगला मार बसतो. चाळीसेक छर्‍यांत आमच्या बंदुकीचा दम गेला.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की अजून धस्स होतं. भाची नळी मोडून छर्रा बसवायला बोट नेणार, इतक्यात ट्रिगर आपोआप सुटला. नळी फाडकन वर आली आणि वाकली. बोट थोडक्यात वाचलं.

धुळ्यातल्या एका जुन्या नेमबाजाने ती माझ्यासमोर खोलली. स्प्रिंग भलत्याच गाडीची, ग्राइंडरने कापलेली, टोकं घासून सपाटसुद्धा केलेली नव्हती. वॉशर नायलॉनचा, काठाने तपकिरी झालेला. ट्रिगरच्या गोळ्या सायकलच्या बेअरिंगमधल्या, मापाला बारीक. पिस्टन पुसून उजेडात धरला. शेपूट गुळगुळीत होतं, रेघा नव्हत्याच.

त्यांनी सांगितलं ते मी आधी विचारायला हवं होतं. या बंदुकीची ताकद सिलिंडरमध्ये मावणाऱ्या हवेवर ठरते. त्यात दांडगी स्प्रिंग कोंबली तर पिस्टन आपटून मागे उसळतो, वेग फारसा वाढत नाही आणि खांद्याला झटका मात्र दुप्पट. मऊपणासाठी स्प्रिंगच्या आतला गाइड, म्हणजे तिला सरळ धरणारी दांडी, घट्ट बसवायचा, टोकं गुळगुळीत करायची आणि मॉलिब्डेनमची वंगणाची पेस्ट पातळ लावायची. झणझण तिथेच थांबते. शिवाय ४.५ मिमीच्या बंदुकीतही ताकद २० ज्यूलच्या वर गेली तर परवाना लागतो, हेही जळगावच्या त्या माणसाने मला कधी सांगितलं नाही.

त्याच्याकडे परत गेलो तर म्हणाला, "जुनं सामान भंगारात गेलं." जर्मन पिस्टन, स्प्रिंग, ट्रिगरच्या गोळ्या कुणी भंगारात टाकत नाही, ते सुटे विकले जातात. पोलीस ठाण्यात पावती मागितली, खोलण्याआधीचे फोटो मागितले. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. तुम्ही बंदूक देण्याआधी प्रत्येक भागाचे फोटो काढा, काढलेलं सामान परत देईन असं लिहून घ्या आणि घेताना सलग दहा छर्रे मारायला लावा. धूर निघाला किंवा आकडे वरखाली झाले तर पैसे देऊ नका.

आणि खानदेशात कुणाच्या हाती जुन्या डायनाचा पिस्टन लागला, तर आधी त्याचं शेपूट पाहा. कानशीच्या दोन रेघा असतील, एक लांब, एक आखूड. मागाल ती किंमत देऊन मी तो घेऊन जाईन.